२४९ ग्रॅमचा ड्रोन आणि विमाननगरची इमारत: परवानगी नेमकी कशाची लागते?

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात फ्लॅट, रो-हाउस आणि प्लॉटचे फोटो काढणाऱ्या एका फोटोग्राफरकडे ब्रोकरने ड्रोन शॉट मागितलेत. पहिलं काम विमाननगरमधल्या १४ मजली इमारतीचं, दुसरं मुळशीकडच्या प्लॉटिंगचं. दुकानदाराने सांगितलंय, "२५० ग्रॅमच्या आतला घ्या, त्याला लायसन्स लागत नाही, परवानगी लागत नाही." हे खरं आहे का?

दुकानदाराचं म्हणणं अर्धंच खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्याने तुम्ही अडचणीत याल. ड्रोनच्या वजनावरून ठरतं ते यंत्राची आणि उडवणाऱ्याची कागदपत्रं काय हवीत हे. उडवता येईल का, हे जागा ठरवते. विमाननगरच्या आकाशात २४९ ग्रॅमचा ड्रोन आणि ५ किलोचा ड्रोन यांना झोनचा नियम एकच आहे. शिवाय तो ड्रोन देशात कुठल्या वाटेने आला, हा तिसराच प्रश्न आहे आणि दुकानदार तो काढणार नाही.

आधी जागेबद्दल सांगतो, कारण नव्वद टक्के कामांचा निकाल तिथेच लागतो.

ड्रोन नियम २०२१ हे २५ ऑगस्ट २०२१ पासून लागू आहेत. त्यांनी आकाशाचे तीन भाग केले: हिरवा, पिवळा, लाल. हिरव्या झोनमध्ये जमिनीपासून ४०० फूट, म्हणजे १२० मीटरपर्यंत उडवायला वेगळी परवानगी लागत नाही. लाल झोनमध्ये केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही. पिवळ्यात त्या हद्दीच्या हवाई वाहतूक नियंत्रणाची, म्हणजे एटीसीची परवानगी लागते. चालू विमानतळाच्या कुंपणापासून ५ ते ८ किलोमीटरच्या पट्ट्यात जमिनीपासूनच पिवळा झोन सुरू होतो. ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत, म्हणजे ६० मीटरपर्यंत हिरवा आणि त्याच्या वर पिवळा. ५ किलोमीटरच्या आतला भाग नकाशावर लाल दिसेल असंच धरून चाला.

अंतर मोजायचं ते विमानतळाच्या हद्दीच्या कुंपणापासून. नकाशावर टर्मिनलच्या इमारतीवर पिन टाकून मोजलं की एक-दोन किलोमीटरची चूक सहज होते, आणि पट्टा बदलायला तेवढं पुरेसं असतं.

पुण्यात आणखी एक गोष्ट आहे. लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे आणि तिथलं हवाई नियंत्रणही हवाई दलाकडेच आहे. विमाननगर, धानोरी, कल्याणीनगर हे भाग त्याला खेटून आहेत. शहरात इतर लष्करी आणि संरक्षण संस्थाही कमी नाहीत: खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी (एनडीए), खडकीला दारूगोळा कारखाना, पाषाणला संरक्षण संशोधनाच्या प्रयोगशाळा. म्हणून विमानतळापासून लांब आलो की सुटलो, असं पुण्यात गृहीत धरता येत नाही. पाषाण, बावधन, खडकवासला या बाजूंच्या प्रत्येक कामाला नकाशा नव्याने बघावा लागतो.

नकाशा म्हणजे 'डिजिटल स्काय' या सरकारच्या ड्रोन पोर्टलवरचा नकाशा. ड्रोनच्या ॲपमध्ये दिसतो तो नकाशा कंपनीचा असतो. त्यात लाल खूण नाही, ड्रोनने इंजिन सुरू करू दिलं, याचा अर्थ परवानगी होती असा होत नाही. कामाच्या आदल्या दिवशी इमारतीचे अक्षांश-रेखांश घाला, झोन बघा, उंचीची मर्यादा बघा आणि तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवा. मग शूटच्या सकाळी पुन्हा बघा. याचं कारण तात्पुरता लाल झोन. पोलीस अधीक्षक किंवा त्या दर्जाच्या वरचा अधिकारी एखाद्या भागाला एका वेळी ९६ तासांपर्यंत लाल घोषित करू शकतो. मंत्र्यांचा दौरा, मोठी मिरवणूक, कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न असं काहीही कारण असू शकतं. काल हिरवी असलेली जागा आज लाल निघते ती अशी.

विमानतळ नवा सुरू झाला की आजूबाजूचे पट्टेही बदलतात. नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये प्रवासी विमानांसाठी सुरू झाला. उलवे, पनवेल, खारघर भागात ज्यांनी दोन वर्षांपूर्वी शूट केलंय त्यांनी जुना स्क्रीनशॉट दाखवून नवं काम घेऊ नये. गोव्यात दाबोळीला नौदलाचा तळ आहे आणि २०२३ पासून मोपाही आहे, त्यामुळे व्हिला आणि सेकंड होमवाल्यांनी दोन्ही बाजूंनी मोजायला हवं.

उंचीचा हिशोब करताना बहुतेक जण एका ठिकाणी फसतात. ड्रोनच्या स्क्रीनवर दिसणारी उंची ही जिथून उड्डाण केलं तिथपासूनची असते. १२ मजली इमारतीच्या गच्चीवरून उडवलात तर स्क्रीनवर शून्य दिसतं, पण तुम्ही जमिनीपासून आधीच ३६ मीटरवर असता, कारण एक मजला साधारण ३ मीटरचा. शिवाय खाली पोडियम पार्किंगचे दोन मजले असतील तर आणखी सहा मीटर. ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यातली ६० मीटरची मर्यादा म्हणजे साधारण वीस मजले. तिथल्या २२ मजली टॉवरचा माथा वरून दाखवायचा असेल तर तो शॉट हिरव्या झोनमध्ये बसतच नाही. हे ब्रोकरला कोटेशन देण्याआधी सांगायचं असतं, शूटच्या दिवशी नाही.

याला जोडूनच 'रिटर्न टू होम'ची उंची. सिग्नल तुटला की ड्रोन आधी ठरवलेल्या उंचीवर चढतो आणि मग परत येतो. ती ३० मीटरवर ठेवलेली असेल आणि मध्ये ४५ मीटरची इमारत असेल, तर तो भिंतीवर आपटू शकतो. ती १०० मीटरवर ठेवली आणि तुम्ही ६० मीटरच्या पट्ट्यात असाल, तर सिग्नल गेल्याक्षणी ड्रोन तुमच्या इच्छेविना पिवळ्या झोनमध्ये शिरतो. नियम तेव्हाही मोडलेलाच असतो. म्हणून जागेवर गेल्यावर पहिलं काम हे: आसपासची सर्वांत उंच वस्तू बघा (क्रेन, मोबाइल टॉवर, पाण्याची टाकी), तिच्याहून १० मीटर वर रिटर्नची उंची लावा, आणि ती उंची झोनच्या मर्यादेत बसत नसेल तर उडवू नका.

आता यंत्राकडे वळू.

नियमांत वजनाचे वर्ग आहेत: २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत स्मॉल, आणि वर मीडियम, लार्ज. हे वजन उड्डाणाच्या वेळचं, सगळ्या सामानासकट धरायचं. २४९ ग्रॅमच्या ड्रोनवर पंख्यांचे गार्ड बसवले, भिंगावर फिल्टर चढवला किंवा जास्त क्षमतेची बॅटरी घातली, की तो मायक्रो होतो आणि नॅनोची सूट संपते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तयार ड्रोन ठेवून फोटो काढून ठेवा, दोन मिनिटांचं काम आहे.

नॅनोला टाइप सर्टिफिकेट (ते मॉडेल ठरलेल्या निकषांत बसतं याचा दाखला) लागत नाही, उडवणाऱ्याला रिमोट पायलट सर्टिफिकेट लागत नाही आणि थर्ड पार्टी विमा सक्तीचा नाही. दुकानदाराचं अर्धं खरं म्हणजे एवढंच.

मायक्रोची गोष्ट वेगळी. त्याला टाइप सर्टिफिकेट असलेलं मॉडेल हवं, ते डीजीसीएच्या, म्हणजे केंद्राच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या पोर्टलवर नोंदवून यूआयएन, म्हणजे त्या ड्रोनचा ओळख क्रमांक घ्यायचा. अर्ज डी-२ नमुन्यात, शुल्क १०० रुपये. शुल्क नगण्य आहे, अडतं ते टाइप सर्टिफिकेटवर. फोटोग्राफर लोक ज्या परदेशी बनावटीच्या घडीच्या ड्रोनांवर काम करतात, त्यांची आयात ९ फेब्रुवारी २०२२ पासून बंद आहे. पूर्ण तयार असो किंवा सुट्या भागांत आणून इथे जोडायचा असो, सरकारी संस्था, संशोधन आणि संरक्षण अशा मोजक्या अपवादांशिवाय ड्रोन आयात करता येत नाही. सुटे भाग आणता येतात, ते वेगळं. या बंदीत नॅनोला सूट नाही. म्हणजे दुकानात आज 'नवा कोरा' म्हणून मिळणारा परदेशी ड्रोन २५० ग्रॅमच्या आतला असला, तरी तो आला कसा हा प्रश्न उरतोच. दुकानदाराकडे मॉडेल आणि सीरियल नंबर लिहिलेलं जीएसटी बिल मागा. "बिल कॅमेरा ॲक्सेसरीचं करतो" असं उत्तर आलं की उठून निघा. असा ड्रोन जप्त झाला तर सोडवायला तुमच्याकडे कागद नसेल, आणि तो कोणाच्या अंगावर पडला तर विमा कंपनीही दारात उभं करणार नाही.

जुना, आधी नोंदवलेला ड्रोन घ्यायचा असेल तर विकणाऱ्याच्या नावावरचा यूआयएन पोर्टलवर दाखवायला सांगा आणि पैसे देण्याआधी हस्तांतराचा अर्ज त्याच्याकडून करून घ्या. गाडीचं आरसी बुक नावावर न करता गाडी घेण्यासारखंच हे आहे.

पायलटबद्दल लोक उगाच घाबरतात. मायक्रो ड्रोन हौसेसाठी उडवायला सर्टिफिकेट लागत नाही, व्यवसायासाठी लागतं. ब्रोकरच्या लिस्टिंगसाठी काढलेला शॉट हा माझ्या मते व्यवसायच, मग तुम्ही त्याचे वेगळे पैसे घ्या किंवा फ्लॅटच्या फोटोंसोबत फुकट द्या. "मित्राला काढून दिलं" हा बचाव मी कोणालाही सुचवणार नाही. सर्टिफिकेटसाठी वय १८ ते ६५, दहावी पास, आणि डीजीसीएमान्य प्रशिक्षण संस्थेतून प्रशिक्षण आणि चाचणी. २०२३ च्या दुरुस्तीनंतर पासपोर्टची सक्ती गेली, सरकारी ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा चालतो. सर्टिफिकेट दहा वर्षं चालतं. प्रशिक्षणाची जागा निवडताना एकच बघा: तुम्ही जो वर्ग उडवणार आहात, त्याच वर्गाचं सर्टिफिकेट ते देतात का. शेतीच्या फवारणीच्या ड्रोनवर शिकवणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत, तुम्हाला त्याचा उपयोग थोडा.

विमा नॅनोला सक्तीचा नसला तरी घ्या. शहरात खाली माणसं आणि पार्क केलेल्या गाड्या असतात. नियम मोडल्याचा दंड एक लाख रुपयांपर्यंत जातो, पण फुटलेली काच किंवा फुटलेलं डोकं यांची भरपाई त्यात धरलेली नाही.

आता पोलिसांचे आदेश. हे केंद्राच्या नियमांपेक्षा वेगळे असतात आणि नकाशावर दिसतीलच असं नाही. मुंबईत पोलीस आयुक्तालय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली (पूर्वीचं कलम १४४) ड्रोन, रिमोटवरची छोटी विमानं, पॅराग्लायडर वगैरे उडवायला बंदी घालणारे आदेश काढतं आणि मुदत संपली की बहुधा नवा काढतं. अशा आदेशांत वजनाची सूट सहसा नसते. पोलीस उपायुक्तांची (अभियान) लेखी परवानगी असेल तरच मार्ग. आदेश मोडला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा दाखल होतो. इतर आयुक्तालयंही वेळोवेळी असे आदेश काढतात. म्हणून शूटच्या आठवड्यात त्या शहराच्या पोलिसांचा ताजा मनाई आदेश वाचणं हे नकाशा बघण्याइतकंच नेमाने करा.

गावाकडे आदेश नसला तरी माणसं असतात. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात आणि मराठवाड्यात रात्रीच्या ड्रोनच्या बातम्यांनी गावंच्या गावं जागी राहिली होती. तेव्हापासून अनोळखी माणसाने शेतावर ड्रोन काढला की लोक जमतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. मुळशीच्या कामाच्या आधी स्थानिक पोलीस ठाण्यात एका पानाचं पत्र द्या: तारीख, वेळ, गट नंबर, मालकाचं नाव, तुमचा फोन. पोच घ्या. पोलीस पाटलांना फोन करा. हिरव्या झोनमध्ये कायद्याने हे मागितलेलं नाही, पण तासाभराचा वाद यामुळे पाच मिनिटांत मिटतो. शूट दिवसा, शक्यतो सकाळी आठ ते दहा. घारींची घरटी जवळ असतील तर त्या ड्रोनवर झेपावतात. घार वरून येताना दिसली की शॉट सोडून ड्रोन परत आणा. संक्रांतीच्या आसपास शहरात मांजाचा विचार करा.

जागेच्या मालकाची परवानगी लेखी हवी. सोसायटीत फ्लॅटमालकाचा होकार पुरत नाही, गच्ची सोसायटीची असते, म्हणून सचिवांचं पत्र घ्या. तसंही गच्चीवरून उडवणं टाळलेलं बरं. स्लॅबमधल्या सळ्यांमुळे ड्रोनचा कंपास बिघडतो आणि उड्डाण घेताच तो एका बाजूला ओढल्यासारखा सरकतो. गच्चीच नाइलाज असेल तर लाकडी स्टुलावर ठेवून उडवा. शेजाऱ्यांच्या बाल्कनी, खिडक्या आणि कपडे वाळत घातलेल्या गॅलऱ्या फ्रेममध्ये येणार नाहीत असा कोन घ्या. चेहरे आणि गाड्यांच्या नंबर प्लेट एडिटिंगमध्ये धूसर करा.

इथपर्यंत उड्डाणाचं झालं. जाहिरातीचं काय, हे क्वचितच कोणी विचारतं. प्रकल्पाचा ड्रोन व्हिडिओ ही रेरा कायद्याच्या दृष्टीने जाहिरातच असते. त्यावर महारेराचा नोंदणी क्रमांक आणि क्यूआर कोड हवा. क्यूआर १ ऑगस्ट २०२३ पासून सक्तीचा आहे. व्हिडिओ तुम्ही बनवणार असाल तर ही माहिती ब्रोकरकडून आधीच मागून घ्या, नंतर पट्टी चिकटवायला जागा उरत नाही. कलम १२ सांगतं की जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरणाऱ्याचं नुकसान झालं, तर भरपाई प्रवर्तकाला, म्हणजे बिल्डरला द्यावी लागते. म्हणून नवव्या मजल्याच्या फ्लॅटचा 'व्ह्यू' ११० मीटरवरून दाखवू नका. नववा मजला म्हणजे साधारण २७ मीटर, त्यात पोडियमची उंची आणि उभ्या माणसाच्या डोळ्याची दीड मीटर मिळवा, आणि त्याच उंचीवर, त्याच बाजूला ड्रोन थांबवून शॉट घ्या. तो खरा व्ह्यू.

प्लॉटिंगमध्ये याहून मोठा खड्डा आहे. ब्रोकर हमखास म्हणतो, "फोटोवर आपल्या गटाची लाल रेघ मारून द्या." ड्रोनच्या साध्या फोटोवर, मोबाइलच्या जीपीएसवरून मारलेली रेघ प्रत्यक्ष बांधापासून कित्येक मीटर सरकलेली असू शकते. जमिनीची हद्द ठरवते ती भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी. मोजणी झालेली असेल, 'क' प्रत (मोजणीचा नकाशा) हातात असेल आणि खुणेचे दगड जागेवर असतील, तर त्या दगडांवर पांढऱ्या चुन्याचे ठसठशीत गोल करून मग फोटो घ्या, रेघ त्या गोलांवरून ओढा, आणि खाली 'हद्द अंदाजे, मोजणी नकाशा पाहावा' असं वाचता येईल एवढ्या अक्षरात लिहा. मोजणी नसेल तर रेघ मारायला नकार द्या. शेजारच्या गटाचा तुकडा तुमच्या लाल रेघेत आला, तर कोर्टात तोच फोटो पुढे येतो.

आता तुमच्या दोन कामांबद्दल.

विमाननगरचं काम ड्रोनने घेऊ नका, नॅनोनेही नाही. एका फ्लॅटच्या लिस्टिंगसाठी लाल झोनची परवानगी मिळवण्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही. तिथे दोन पर्याय चांगले चालतात. १४ मजल्यांचा पूर्ण दर्शनी भाग समोरच्या इमारतीच्या सात-आठव्या मजल्यावरून, त्या सोसायटीची परवानगी काढून, उभा टिपा. रेघा सरळ येतात आणि ड्रोनपेक्षा रंग चांगले मिळतात. प्रवेशद्वार, बाग, पोहण्याचा तलाव यांसाठी २० ते २५ फुटांचा कार्बन फायबरचा खांब, वर हलका कॅमेरा, फोनवरून शटर. खांबाला झोन नसतो. वारा असेल तर मात्र दोन माणसं हवीत, आणि वर विजेच्या तारा आहेत का ते आधी बघा, कार्बन फायबरमधून वीज वाहते.

मुळशीचं काम ड्रोनचंच आहे. पण महिन्याला अशी तीन-चारच कामं येत असतील तर स्वतः ड्रोन घेण्याची घाई करू नका. कागद पक्के असलेला ऑपरेटर भाड्याने घ्या आणि ॲडव्हान्स देण्याआधी त्याच्याकडून चार गोष्टी व्हॉट्सॲपवर मागवा: ड्रोनचा यूआयएन, त्याच्या नावाचं रिमोट पायलट सर्टिफिकेट, चालू विम्याची पॉलिसी, आणि त्या गट नंबरच्या जागेचा डिजिटल स्कायचा स्क्रीनशॉट. यूआयएन ड्रोनवर चिकटवलेल्या क्रमांकाशी जागेवर जुळवून बघा. क्रमांक जुळला नाही, तर ड्रोन दुसरा आहे आणि पॉलिसीही दुसऱ्याच ड्रोनची आहे.